ह्यात अजून चाल हाय

कंडक्टर तात्या मेलेल्या माणसांच्या चपला घालून फिरायचे. चोरून नव्हे, घरच्यांकडून मागून. आधी चप्पल उलटी करून तळ बघायचे, टाचेवर अंगठा दाबायचे आणि पसंत पडली की म्हणायचे, "ह्यात अजून चाल हाय." नाही पडली तर डोक्यावरची नसलेली घंटीची दोरी दोनदा ओढून "चला, डबल!" म्हणत पुढच्या घरी.

तात्या एसटीत कंडक्टर होते. उमर सगळी धावत्या गाडीत उभं राहण्यात गेली. रिटायर होऊन आमच्या टेंभुर्णीत आले तेव्हा मला म्हणाले, "मास्तर, इतकी वर्षं फिरलो, पन एक पाऊल चाललो न्हाई. गाडीच चालली." सपाट जमिनीवरही ते पाय फाकवून, किंचित डुलत उभे राहायचे, जणू गाव आत्ता ब्रेक मारणार आहे. लग्नातली पंगत बसवायला त्यांनाच बोलवायचे, कारण "पुढं सरका, मागं लई जागा हाय" हे तितक्या अधिकारानं दुसऱ्या कोणाला म्हणता येत नसे. स्वतः मात्र बिनलग्नाचे. ड्युटी कायम मुक्कामाच्या गाडीवर. कोणी विषय काढलाच तर म्हणायचे, "बायकोला काय निसतं तिकीट फाडून देऊ?"

माझे वडील, अण्णा, गेले तेव्हा आमच्या स्मशानात पाणी नव्हतं. तसं ते कधीच नव्हतं. मडक्यात भरायचं पाणी गावातून डब्यात आणलं आणि तो डबा निघाला रॉकेलचा. मडकं खांद्यावर घेऊन मी फेऱ्या मारल्या तेव्हा पाठीवरून ओघळणाऱ्या पाण्याला रॉकेलचा वास होता. परतताना तात्या तेवढे म्हणाले, "मास्तर, हे बराबर न्हाई झालं. तिथं हापसा पायजे."

शहरातली माणसं महिनाभर रोज चालायचं ठरवतात आणि त्यापायी ओळखीपाळखीचे लोक चांगल्या कामाला पैसे देतात, असं त्यांनी पेपरात वाचलं होतं. तात्यांना ते लगेच पटलं. "लोकं हलले की पैसे घ्यायचे, हेच तर जनमभर केलं मी!" जुनी कातडी पिशवी गळ्यात अडकवून ते नव्या एसटीडी बूथसमोर उभे राहिले. "हापशासाठी महिनाभर चालनार हाय. ज्याची जशी इच्छा!" गाव खदाखदा हसलं. "तात्या, आमी रोज शेतात चालत जातो. आमाला कोन देतं?" पहिले काही दिवस पिशवी रिकामीच लोंबत होती.

मग एका दुपारी चपलेचा अंगठा तुटला, तो नेमका सखूमावशीच्या दारात. मावशीचे यजमान दामू पाटील आदल्या वर्षी गेलेले. तिनं त्यांचा जोड पुढे केला. "घाला. निस्त्या पडून हायेत." दामू पाटलांच्या चपला करकरायच्या. तात्या करकरत चौकात आले. न्हावी पाठमोरा बसून वस्तरा पाजळत होता. मान न वळवता तो म्हणाला, "या पाटील, बसा." आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं. त्या दिवशी त्यानं दुकान लवकर बंद केलं. तात्या त्याच वाटेनं मावशीच्या दारी परत आले, चपला काढून ठेवल्या. मावशीनं मूठभर नोटा पिशवीत टाकल्या आणि विचारलं, "उद्या येता का?"

बातमी फुटली तशी घराघरातून बोलावणी यायला लागली. तात्यांनी नियम केले. मयताची रोजची वाट असेल तीच चालायची. दाराशी आलं की चपला काढून उंबऱ्याकडे तोंड करून ठेवायच्या आणि न बोलता अनवाणी परतायचं. आत पाऊल टाकायचं नाही. "का?" मी विचारलं. "आत गेलं की तात्या दिसतो, मास्तर. मंग काय उपेग?"

त्या उन्हाळ्यातल्या दुपारी मला अजून आठवतात. गाव दारं लोटून पडलेलं. गल्लीत चिटपाखरू नाही. आणि कुठूनतरी पावलं यायची, ओळखीची. कोणी बाहेर येऊन बघत नसे. आतच कान लावून बसत. मालक गेल्यापासून जागचं न उठलेलं एक कुत्रं शेपूट हलवत तात्यांच्या मागे सगळी वाट चाललं. दाराशी चपला काढल्यावर त्यानं त्या हुंगल्या, मग मान वर करून तात्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि हळूहळू मागे सरकलं. "त्येच्याइतक्या वाईट नजरेनं मला कोनी बघितलं न्हाई," तात्या म्हणाले.

आमच्या दारात अण्णांच्या वहाणा तशाच होत्या. आई त्या रोज सकाळी पुसायची. पुसायची तीही आतून हात लांब करून, कारण अण्णा गेल्यापासून तिनं उंबरा ओलांडला नव्हता. तुळशीला पाणी मी घालायचो. शेजारणी बोलवून थकल्या होत्या. मी समजूत घालायला जायचो आणि परत पुस्तक उघडून बसायचो. ती अशीच आत मिटून जाईल, अशी मला भीती वाटत होती.

तात्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्या कुठं जायच्या न्हाईत." महिना सरत आला तेव्हा मात्र तिनंच त्यांना बोलावून घेतलं.

"तात्या, त्यांचा डावा पाय ओढायचा."

"ठाव हाय, वहिनी. गाडीत चढवायला मीच हात द्यायचो की."

दुसऱ्या दिवशी दुपारी आई मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसली. मी दाराच्या आत. लांबून आवाज आला. एक पाऊल पडत होतं, एक फरपटत होतं. पिठाच्या गिरणीपाशी आवाज थांबला. अण्णा तिथं सावलीत दम खायचे. हे मी तात्यांना सांगितलं नव्हतं. मग पावलं पुन्हा निघाली, दाराशी आली.

"लई उशीर केला आज," आई म्हणाली. अगदी रोजच्यासारखी, किंचित रागानं.

बाहेर वहाणा ठेवल्याचा आवाज झाला. मग तापल्या फरशीवरून जाणारे अनवाणी पाय. आई उठली. दार उघडून बाहेर गेली, वहाणा उचलल्या आणि डोक्यावरचा पदर सावरत गल्लीत धावली. "अहो तात्या! पाय पोळतील! घाला ह्या!"

मी दारातच उभा राहिलो. मला काही दिसेनासं झालं होतं.

पुढे तात्यांना विचारलं, "गिरणीपाशी का थांबलात?"

"मी कुठं थांबलो? चपला थांबल्या." आणि ते हसले नाहीत.

हापशापुरते पैसे जमले. शेवटच्या दिवशी तात्या माझ्याकडे आले ते अनवाणीच. अंगठा शिवून आणलेल्या स्वतःच्या चपला हातात.

"मास्तर, ह्या घाला अन् माझ्या घरापातूर या."

"तात्या, तुम्ही तर जिवंत आहात!"

"म्हून तर. मेल्यावर कोन ऐकनार?" ते चपलेच्या तळाकडे बघत म्हणाले. "ड्युटीवरून आलो की कुलूप मीच काढायचो. मी घरी आलो की आतल्याला कसं वाटतं, ते एकडाव ऐकू द्या."

ते पुढे गेले. थोड्या वेळानं मी निघालो. चपला मला मोठ्या होत्या. कोपरा ओलांडला तेव्हा लक्षात आलं, मी पाय फाकवून, डुलत चालतोय. तसं चालायचं मी ठरवलं नव्हतं.

तात्यांचं दार लोटलेलं होतं. आतून आवाज आला. पंगत बसवणारा तो आवाज नव्हता, हळू होता.

"लई उशीर केला आज."

मी चपला काढल्या, उंबऱ्याकडे तोंड करून ठेवल्या. नियमाप्रमाणे आता न बोलता परतायचं होतं. आत गेलं की मास्तरच दिसणार, हेही मला कळत होतं.

तरी मी दार ढकललं.