साळुबाईंनी डोळे मिटले

एका जंगलात, बाळांनो, आजारी पडायला कुणाची हरकत नव्हती. काय होतंय ते डॉक्टरला सांगायला मात्र होती. पेशंटने यायचं, पाय पुढे करायचा आणि गप्प बसायचं. डॉक्टरने नाडी धरून ओळखायचं. ओळखलं तर डॉक्टर खरा. "आम्हीच सांगायचं, तर तुम्ही कशाला?" असा तिथला रोखठोक सवाल होता.

अशा या जंगलात साळुबाई साळिंदर डॉक्टर होऊन आल्या. करंजाखालच्या बिळात त्यांनी दवाखाना थाटला. बिळाला एक पुढचं दार आणि एक मागचं. आधी विचारायचं, मग तपासायचं, असं त्यांना शिकवलेलं. म्हणून त्या विचारायच्या. कधीपासून होतंय? भूक कशी आहे? झोप लागते का?

"हिला काही येत नाही बहुतेक," ससा बाहेर येऊन म्हणाला. "सगळं मलाच विचारत होती."

तिकडे तळ्याकाठी बगळेबुवा होते. ते काही विचारत नसत. एका पायावर उभे राहून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "मनाला काळजी आहे. पोटात वात धरतो. आणि घरच्यांना तुमची किंमत नाही."

आता हे जंगलात कुणाला लागू पडणार नाही? पेशंट गहिवरून जायचे. तळ्याकाठी जत्रा भरायची, आणि साळुबाई बिळाच्या तोंडाशी माश्या मारत बसायच्या.

एक दिवस दाजीबा गवा आला. कळपाचा म्होरक्या तो, पण आता कातडी नुसती हाडांवर लोंबत होती. बुवांनी अशक्तपणा सांगून भरपूर ऊस खायला लावला होता. आधी चोरून खायचा तो ऊस दाजीबा आता औषध म्हणून खात होता, आणि वाळतच चालला होता. बायकोने डोकं खाल्लं म्हणून तो इथे आला. त्याने ऐटीत खूर पुढे केला.

"काय त्रास होतोय, दाजीबा?"

"ते तुम्ही सांगायचं."

"तहान फार लागते का?"

"विचारलंत तिथेच हरलात, बाई," असं म्हणून दाजीबा उठून चालू लागला.

जाताना तो मागचा पाय ओढत होता. खुराच्या वर जखम होती, आणि तिला वास येत होता. हा पाय गेला तर दाजीबाही गेला. लंगड्या गव्याची वाट बघणारे जंगलात काही कमी नव्हते.

तेवढ्यात मागच्या दारातून हाक आली. दाजीबाची बायको यमुनाक्का उभी होती.

"बाई, मी आले होते हे त्यांना कळू देऊ नका. सारखं पाणी पितात हो, आणि सारखे लघवीला उठतात. बुवांच्या सांगण्यावरून ऊस खातात, तरी वाळतच चाललेत. ती जखम पावसाळ्यापासून भरत नाही. आणि, सांगायला लाज वाटते, ते लघवी करतात तिथे मुंग्या लागतात."

"मुंग्यांना कळलं, बुवांना नाही कळलं," साळुबाई म्हणाल्या. "मधुमेह आहे, यमुनाक्का. ऊस आजच बंद करा. औषध मी देते, जखम रोज मी धुते. अजून पाय वाचेल."

"पण ते तुमचं ऐकणार नाहीत. तुम्ही विचारता ना!"

साळुबाईंनी मागच्या दारातून पुढच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "उद्या घेऊन या त्यांना."

दुसऱ्या दिवशी दाजीबाने खूर पुढे केला, आणि साळुबाईंनी डोळे मिटले. त्यांना स्वतःची फार लाज वाटत होती.

"घसा कोरडा पडतो," त्या संथपणे म्हणाल्या. "लघवीला सारखं उठावं लागतं. तिथे मुंग्या येतात."

दाजीबाने आ वासला. "मुंग्यासुद्धा नाडीत दिसल्या?"

"रांगेने दिसल्या. ऊस बंद!"

दाजीबाने ऊस सोडला. औषध घेतलं. जखम भरली, पाय वाचला. मग काय विचारता! सगळं जंगल करंजाखाली लोटलं. पुढच्या दाराने नवरे गप्प यायचे. त्याआधी मागच्या दाराने बायका येऊन सगळं सांगून जायच्या. बायका आजारी असल्या की त्यांच्या जावा यायच्या. साळुबाई डोळे मिटायच्या आणि बरोबर सांगायच्या. विचारणं त्यांनी सोडूनच दिलं.

आणि एक दिवस रांगेत बगळेबुवा दिसले. मान लोंबलेली, पंख गळलेले. साळुबाईंनी मागच्या दाराकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. बुवा एकटेच राहायचे.

बुवांनी पाय पुढे केला.

साळुबाई वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "बुवा, आपण दोघंही धंद्यातले. सांगा ना, काय होतंय?"

बुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चोच उघडली. मग मान वळवून मागची रांग पाहिली. सगळं जंगल कान टवकारून उभं होतं.

"ते तुम्ही सांगायचं," बुवा म्हणाले, आणि त्यांनी सवयीने डोळे मिटले.

साळुबाईंनीही मिटले. दुसरं काय करणार?

"बघा, बघा," ससा शेजाऱ्याला म्हणाला, "दोन थोर डॉक्टर!"

दुसऱ्या दिवसापासून तळ्याकाठची जागा रिकामी होती.

तात्पर्य : डॉक्टरपासून आजार खुशाल लपवावा. मात्र मागच्या दाराने जाणारं कुणीतरी घरात असू द्यावं.