कान्होजींनी थांबवलेली लढाई

"आठ!" जयसिंहरावांनी पेपर टेबलावर आपटला. "अगं सुधा, ऐकलंस का? परवापर्यंत सात होती. आज आठ झाली!"

"कसली? मांजरीची पिल्लं?" सुधाताईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"युद्धं! त्या राष्ट्राध्यक्षांनी थांबवलेली युद्धं!"

सातासमुद्रापलीकडच्या एका बलाढ्य देशाचे राष्ट्राध्यक्ष दर आठवड्याला माइकसमोर उभे राहत आणि आपण जगातली किती युद्धं थांबवली ते सांगत. आकडा दर वेळी एखाद्याने वाढे. ते राष्ट्राध्यक्ष कुठे आणि ग्वाल्हेरचे जयसिंहराव कुठे! पण चौतीस वर्षं जयसिंहरावांनी बाडा नावाच्या चौकातल्या एका बँकेत चेकवरच्या सह्या ताडून पाहिल्या होत्या. शंका आली की चष्म्यावरून बघत ते एवढंच म्हणायचे, "सही जुळत नाही." भल्याभल्यांचे चेहरे त्या तीन शब्दांनी उतरत. निवृत्तीनंतर ताडायला सह्या उरल्या नाहीत, म्हणून ते राष्ट्राध्यक्ष ताडू लागले.

त्यासाठी टोपी बाजारातून एक लांबट वही आली. तिच्यात चार रकाने आखले गेले: दावा, दुसऱ्या बाजूचं म्हणणं, कागद, निकाल. कॉलेजात जाणारी नात शिखा मोबाइलवरून बातम्या शोधून देई आणि आजोबा निकाल देत. एका युद्धातले दोन्ही देश म्हणत होते, आमचं आम्हीच मिटवलं. दुसरं थांबलं खरं, पण पुढच्याच आठवड्यात पुन्हा सुरू झालं. तिसऱ्यातले दोन देश तर एकमेकांशी कधी लढलेच नव्हते.

"आजोबा, जी लढाई झालीच नाही, ती थांबवणं सबसे आसान ना?" शिखा हसायची.

"लिही, निकाल खोटा. आणि एक ध्यानात ठेव बाळा, माणूस मोठा आहे म्हणून त्याचा शब्द मोठा होत नाही. कागद दाखव म्हणावं!"

हे वाक्य शिखाने आपल्या खोलीच्या दारावर लिहून लावलं होतं. येताजाता ते दिसलं की जयसिंहरावांची छाती दोन बोटं फुगायची.

वहीची कीर्ती मराठी मंडळापर्यंत पोचली आणि दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी तिथे त्यांचं व्याख्यान ठरलं. अध्यक्षस्थानी त्यांचे बालमित्र रमाकांत होते. रमाकांतांचे पूर्वज दरबारात कारकून होते, जयसिंहरावांचे शिपाई. एकाने लेखणी चालवली, दुसऱ्याने तलवार. त्यामुळे दोन घरांत दोनशे वर्षं थट्टा चालत आलेली.

व्याख्यान असं रंगलं म्हणता! आठ युद्धं जयसिंहरावांनी आठ वांग्यांसारखी चिरून दाखवली. टाळ्या थांबेनात. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या मंदाताई हळूच उठल्या.

"सगळं पटलं हो भाऊसाहेब. पण म्हातारं माणूस, बोललं दोन शब्द जास्तीचे, तर बिघडलं कुठं?"

इथेच घात झाला. टाळ्यांची भांग चढलेल्या माणसाला असं काही विचारू नये.

"मंदाताई, लढाई थांबवणं म्हणजे काय ते आमच्या घराण्याला विचारा!" जयसिंहरावांनी टेबलावर मूठ आपटली. "आमचे पूर्वज कान्होजी पिपरौलीच्या नाल्यावर पाचशे स्वारांच्या मधोमध एकटे उभे राहिले. एका शब्दात लढाई थांबवली. आणि नुसतं तोंडाने नाही सांगत, कागद आहे! देवघरातल्या तलवारीजवळच्या पितळी नळीत, मोडीत लिहिलेला. उद्या सोनं द्यायला येणारच आहात. रमाकांताला मोडी येते. तो सगळ्यांसमोर वाचेल. चौथा रकाना भरायची हिंमत लागते!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रमाकांत तेवढे चष्मा पुसत राहिले. स्वच्छ होता तो चष्मा.

घरी परतताना सुधाताई म्हणाल्या, "अहो, मी लग्न होऊन आले तेव्हा दोन्हीकडचे मिळून पन्नास स्वार होते. आपल्या समरजीतच्या बारशाला दोनशे झाले. आज पाचशे. एवढ्या घोड्यांना दाणा कोण घालतंय?"

जयसिंहरावांना एकाएकी रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचाव्याशा वाटल्या.

ती नळी घरातल्या कुणी उघडलेली जयसिंहरावांनी कधी पाहिली नव्हती. दर दसऱ्याला तलवारीशेजारी ठेवून तिला हळदकुंकू वाहायचं आणि घरातल्या बायकांनी ओवी म्हणायची:

दोन फौजांमधी, उभा कान्होजी एकला
त्याच्या शब्दासाठी, वारा नाल्यात थांबला

नळी उघडली की घराण्याचं तेज जातं, असं त्यांच्या आजोबांनी बजावून ठेवलं होतं. देवाला जसं कुणी वय विचारत नाही, तसं त्या कागदाला कुणी मजकूर विचारला नाही.

दसऱ्याच्या सकाळी सात वाजताच रमाकांत दारात हजर झाले. अंगात नवा सदरा, चेहरा मात्र दुखवट्याला आल्यासारखा.

"जयसिंगा, लोक यायच्या आत ती नळी मला दाखव."

"का रे? सर्वांसमोर उघडू की."

"ऐक माझं."

देवघराचं दार लोटून दोघे खाली बसले. नळीतून पिवळा, पिंपळपानासारखा जाळीदार झालेला कागद निघाला. रमाकांतांनी तो मांडीवर पसरला आणि हलक्या आवाजात वाचला:

"विज्ञापना ऐसी जे, आज्ञेप्रमाणे पिपरौलीचे नाल्यावर दाखल जाहलो. उभयपक्षी समेट होऊन एक दिवस उलटला. कलह मोडावा, तर करणारे कोणी राहिले नाही. नाल्यावर एक धोबी आहे, त्यास विचारून खातरजमा केली. घोडा लंगडतो. घरी लेक लहान आहे, वाट पाहते. परत यावयाची आज्ञा व्हावी. कान्होजी."

बाहेर सुधाताई दाराला झेंडूचं तोरण बांधत होत्या. त्यांचा ओवीचा सूर आत येत होता.

"पुन्हा वाच," जयसिंहराव म्हणाले.

"पुन्हा वाचून धोब्याचे काही पाचशे स्वार होणार नाहीत. पाठवलेल्या पत्राची नक्कल आहे ही. तुझ्या आजोबांनी माझ्या आजोबांकडून एकदा वाचून घेतली होती. त्यानंतरच नळी उघडायची नाही हा रिवाज पडला."

"म्हणजे तुला माहीत होतं? इतकी वर्षं?"

"अरे, कारकुनाची जात. पोटात ठेवायचं, हेच तर काम आमचं."

भिंतीला ओल चढावी तशी लाज जयसिंहरावांच्या पायांकडून वर चढू लागली. गुडघे, पोट, कान. काल मूठ आपटली होती तो हात त्यांनी मांडीखाली दडवला. आठ युद्धं! त्या राष्ट्राध्यक्षांनी निदान स्वतःच्या नावावर खोटं सांगितलं होतं. यांनी मेलेल्या माणसाच्या तोंडी घातलं होतं.

"घाबरू नको," रमाकांत म्हणाले. "मी वाचीन ते पाचशे स्वारांचंच वाचीन. मोडी कुणाला येते इथं?"

जयसिंहरावांनी कागद गुंडाळून पुन्हा नळीत सरकवला. नको म्हणाले नाहीत, हीच गोष्ट त्यांना पुढे जन्मभर टोचणार होती.

दहा वाजता माणसं आली. आपट्याची पानं दिली-घेतली, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा" झालं. सोन्यासारखे! जयसिंहरावांना ती पानं तळहातावर भाजली. मंदाताई सर्वांत पुढे बसल्या. शिखाने वही उघडून मांडीवर घेतली होती आणि नव्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: दावा क्रमांक नऊ, आपले कान्होजी.

"आजोबा, हा मी लास्टला ठेवलाय. आठ खोटे आणि एक खरा. मस्त ना?"

रमाकांतांनी खाकरून सुरुवात केली. "विज्ञापना ऐसी जे, पाचशे स्वार समोरासमोर ठाकले असता, कान्होजी तलवार उपसून मधोमध..."

काय वाचत होता पठ्ठ्या! आवाज गहिवरलेला, बोट मात्र कागदावर "घोडा लंगडतो" या ओळीवर. मंदाताईंनी डोळ्यांना पदर लावला. शिखाने तिसऱ्या रकान्यात लिहिलं: कागद आहे. मग पेन चौथ्या रकान्यापाशी नेलं आणि आजोबांकडे पाहून हसली. तिच्या त्या हसण्यात शंकेचा एक कणसुद्धा नव्हता.

"थांब, रमाकांता."

"अरे, पुढंच तर खरी..."

"सही जुळत नाही."

जयसिंहराव उभे राहिले, पण मान काही वर होईना. जमिनीवरच्या रांगोळीकडे बघत ते म्हणाले, "कागदात हे नाही. सकाळीच कळलं मला. तरी मी गप्प बसलो. रमाकांता, आता जे आहे ते वाच. धोब्यासकट."

रमाकांतांनी वाचलं, धोब्यासकट. कुणी हसलं नाही. त्यामुळे आणखीच जीवघेणं झालं. हसले असते तर निदान रागावता तरी आलं असतं.

शेवटी सुधाताईच बोलल्या. "उशिरा पोचायची रीत घराण्यातलीच म्हणायची. माझ्या लग्नात वरात अडीच तास उशिरा आणली होती यांनी. तेव्हापण माझ्या वडलांना म्हणाले, घोडा लंगडतो."

आता मात्र मंदाताईंच्या तोंडातला पेढा बाहेर यायचा राहिला. हसता हसता त्यांनी विचारलं, "पोरी, मग निकाल काय लिहितेस?"

शिखाने चौथ्या रकान्यावर पेन टेकवलं. "आजोबा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही झूठ बोललात. पण कान्होजी नाही. त्यांनी तर धोब्याला विचारून फॅक्ट-चेक केलं होतं! अपने घर में असली तुम्ही नाही, ते होते."

तिने लिहिलं: दावा खोटा. कान्होजी खरे.

जयसिंहरावांना वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. मग वाटलं, नको, तिथे कान्होजी भेटतील.

दुपारी शिखाच्या दारावरचा कागद त्यांनी भीतभीत पाहिला. अजून तिथेच होता, फक्त खाली एक ओळ वाढली होती: आजोबांनापण विचारा. स्वयंपाकघरात सुधाताई पुऱ्या तळता तळता नवी ओवी जुळवत होत्या:

कान्होजी पोचला, तवा लढाई सरली
घरच्या लेकीची, नजर वाटेवर ठरली

तेवढ्यात पुण्याहून समरजीतचा फोन आला. "बाबा, शिखानं सांगितलं. भर सभेत कबूल केलंत म्हणे? किती माणसं होती हो?"

जयसिंहरावांनी खांदे जरा सरळ केले. "अरे, असतील की पन्नास..."

समोर शिखाने वही उघडली.

"अकरा," जयसिंहराव म्हणाले. मग हळूच, "कान्होजी धरून बारा."

शिखाने पेनचं टोपण काढलं.

"अकरा," ते म्हणाले.