तार नसलेला फोटो

एका जंगलात, म्हणजे खरं तर दोन जंगलांत, पण तसं म्हणायला बंदी होती, तर एकाच जंगलात एक शाळा होती.

गडबड करू नका, बाळांनो, सांगतो. जंगल पूर्वी खरोखरच एक होतं. मग वाघाचं आणि सिंहाचं वाजलं आणि मधोमध काटेरी तार आली. अलीकडे वाघ, पलीकडे सिंह. दोघंही म्हणत, सगळं जंगल माझंच. त्यामुळे दोघांच्याही नकाशात तार नव्हती.

अलीकडच्या शाळेत साळिंदरबाई भूगोल शिकवायच्या.

"आपल्या जंगलात तार आहे का?"

"नाही, बाई," वर्ग एका सुरात म्हणायचा.

"आणि तारेजवळ गेलं तर काय होतं?"

"लांडगा खातो, बाई."

"शाबास. बसा."

मागच्या रांगेत भुरी नावाची सशाची पोर बसायची. तार ठोकली त्या दिवशी तिची आई कोवळं गवत आणायला पलीकडे गेली होती. ती तिकडेच राहिली. पहाऱ्यावरचा लांडगा कधीमधी खुशीत असला, की मायलेकींना तारेशी येऊ द्यायचा. आई तिकडून नाक लावायची, भुरी इकडून. एकदा माकडाने दोघींचा तसा फोटो काढून दिला. भुरीला आईच्या कुशीत शिरायचं होतं. बाकी तिला काही नको होतं.

अशात वाघाला आधुनिक व्हायची हुक्की आली. त्याने फर्मान काढलं, की प्रत्येक पिल्लाला फोटो एडिटिंग आलंच पाहिजे. नवा शिक्षक नेमायचा नव्हता, म्हणून ते काम भूगोलाच्या बाईंच्या गळ्यात पडलं. असं फक्त जंगलातच होतं, बाळांनो.

बाईंनी मात्र मन लावून शिकवलं. फोटो कापायचा कसा, उजळ करायचा कसा. नको ती वस्तू घालवायची असेल तर शेजारचं गवत उचलायचं आणि तिच्यावर चिकटवायचं. मग घरचा अभ्यास दिला, "घरातला एक फोटो सुधारून आणा."

भुरीने आईचा फोटो घेतला आणि पात्यावर पातं बसवत सगळी तार घालवली. आता नाकाला नाक लागलं होतं आणि मध्ये काहीच नव्हतं.

बाईंनी तो फोटो बघितला. त्यांना फार वाईट वाटलं. मग त्यांनी तो फळ्याशेजारी लावून टाकला.

तपासणीला तरससाहेब आले आणि फोटो बघून गारच पडले.

"बाई, तार कुठे गेली?"

"तार नाहीच ना, साहेब, आपल्याकडे. पुस्तकात आहे तसंच."

"नाही असं म्हणायचं असतं, बाई. खरंच नसून कसं चालेल?"

साहेबांनी फोटो वाघापुढे ठेवला. वाघ म्हणाला, "तार चोरीला गेली. आजच्या आज नवी ठोका."

"महाराज, एकदा जाऊन बघू का?" लांडग्याने विचारलं.

"फोटो समोर असताना बघायचंय काय?"

रानडुकरं नवी तार घेऊन गेली. बघतात तर जुनी जागच्या जागी. पण ती नाही असं हुकमात लिहिलेलं. महाराजांचा हुकूम खोटा कसा पाडायचा? म्हणून त्यांनी आधी जुनी तार उपटली आणि मग भाकरी खायला बसली. लांडगाही त्यांच्यात जाऊन बसला, कारण राखायला आता तारच नव्हती.

भुरी शाळेतून निघाली ती थेट आईच्या कुशीत शिरली.

संध्याकाळपर्यंत नवी तार उभी राहिली. पहिलीपेक्षा चांगली उंच होती.

पोर पळाली हे जगाला कळलं तर नाक कापलं जाणार, म्हणून वाघाने आणखी एक हुकूम काढला, की अशी सशाची पोर शाळेत कधी नव्हतीच. बाईंनी वर्गाचा जुना फोटो काढून पिल्लांच्या हाती दिला. पिल्लं आता शिकलेली होती. त्यांनी भुरीवर गवत चिकटवलं. एक लांब कान तेवढा राहिला.

बाईंना तो दिसला. त्यांनी सगळ्या वर्गाला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि फोटो तसाच साहेबांकडे पाठवला.

तात्पर्य : फोटोत फेरफार करणं फार वाईट. ते मोठ्यांचं, सरकारी काम आहे. मुलांनी त्यात लुडबूड केली, तर एखादीला आई भेटते.