नामालोम्बांनी माफी मागितली

"माफी मागायची म्हणजे असं काय मोठं! पाच मिनिटांचं काम!" झोम्बा शहरातल्या पोस्टातले मुख्य कारकून नामालोम्बा आरशासमोर टाय सरळ करत म्हणाले.

सकाळी त्यांनी नऊ वर्षांच्या लेकीवर, टडालावर, असा आवाज चढवला होता, की शेजारच्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या! "रेडिओ तूच बिघडवलास!" पोरगी रडून रडून दमली. मग बायकोने, एलुबीने, रेडिओचं मागचं झाकण उघडलं. बॅटऱ्या उलट्या! आणि घातलेल्या कुणी? खुद्द नामालोम्बांनी.

टडाला अंगणात मका सोलत होती. ते तिच्यापुढे चक्क उकिडवे बसले.

"टडाला, माझं चुकलं. मला माफ कर."

पोरीच्या हातातलं कणीस गळून पडलं. "आईऽ! बाबांना काहीतरी होतंय!"

एलुबी धावत आली. आधी तिने त्यांच्या कपाळाला हात लावला, मग डोळे बारीक केले. "अहो, खरं सांगा. कोण आहे ती?"

"ती कोण?"

"तुम्ही आणि माफी? बाहेर नक्की काहीतरी भानगड केलीय!"

पलीकडच्या घरातून त्यांची आई काठी टेकत आली आणि तिने गळाच काढला. "याचा बापही एकदा असाच गोड बोलला होता गं! तिसऱ्या दिवशी गेला!"

झालं! रडणं ऐकून चर्चच्या बाया भजन म्हणतच फाटकातून शिरल्या. एकीच्या डोक्यावर तर मयताच्या स्वयंपाकासाठी पिठाची बादलीसुद्धा! मागोमाग आळीतले बाप आणि त्यांची पोरं. शेजारचे चिकोजा हळूच म्हणाले, "नामालोम्बा, जाण्यापूर्वी सायकलचं काय ते सांगून ठेवा."

"अहो, मला काहीही झालेलं नाही!" नामालोम्बा गरजले. "चालते व्हा सगळे!"

"हां! बरा आहे!" म्हातारीने डोळे पुसले. सगळ्यांच्या जिवात जीव आला.

टडालाने मात्र त्यांची बाही ओढली. "बाबा, मघाशी म्हणालात ते खरं होतं, की ताप होता?"

"खरं होतं," ते कुजबुजले.

"मग मोठ्याने म्हणा की. ओरडलात तेव्हा सगळ्या आळीने ऐकलं होतं."

नामालोम्बांना दरदरून घाम फुटला. त्यांनी दोनदा घसा खाकरला. "टडालाची काही चूक नव्हती! बॅटऱ्या मीच उलट्या घातल्या होत्या! माझं चुकलं!"

टडाला खुदकन हसली. मग जमलेलं एकेक पोर मान वळवून आपापल्या बापाकडे टक लावून बघू लागलं.

चिकोजांना एकदम आठवलं, बकरी बांधायची राहिलीय. दुसऱ्याला आठवलं, छप्पर शाकारायचंय. दोन मिनिटांत, घरधनी सोडला तर, अंगणात एकही बाप शिल्लक नव्हता!