वाईट बातमीचा गूळ

पहिले महायुद्ध संपून काही वर्षे झाली होती. दसऱ्यानंतरच्या रविवारी कर्जतच्या शाळेच्या पटांगणात सत्कारसभा भरली. युद्धकाळातल्या बातमीदारीबद्दल एका संपादकांना रुप्याचे पदक द्यायचे होते. ते देण्यापूर्वी हरबा घारे नावाच्या शेतकऱ्याने उभे राहून संपादकांना एक प्रश्न विचारला. पदक दिले गेले तेव्हा पटांगणात खुर्च्यांवरची माणसे होती, जाजमावरची नव्हती.

हरबाला कर्जत ओळखत होते ते या सभेच्या आधीपासून, आणि गुळामुळे.

आमच्या भागात चांगली बातमी आणणाऱ्याच्या तोंडात साखर घालतात. मरणाचा सांगावा आणणारा मात्र अंगणाबाहेर उभा राहतो, सांगायचे ते सांगतो आणि पाणीही न घेता परत फिरतो. त्याला कोणी बस म्हणत नाही. हरबाच्या घरी सगळे उलटे. चांगली बातमी आणणाऱ्याची तिथे उलटतपासणी होई. वाईट बातमी आणणाऱ्याला ओटीवर बसवून तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा मिळे.

त्याचा बैल साप चावून मेला तेव्हा शेजारचा गोमा धावत सांगायला आला. हरबाने आधी गोमाच्या हातावर गूळ ठेवला, मग तो बैलाकडे गेला. पळसदरीला दिलेली त्याची थोरली बहीण वारली तेव्हा भाचा सांगावा घेऊन आला आणि रिवाजाप्रमाणे अंगणाबाहेर थांबला. हरबाने त्याला हाताला धरून आत ओढले आणि गूळ पुढे केला. भाच्याला वाटले, आपली आई मेल्याचा मामाला आनंद झाला. दहाव्यापर्यंत त्याने मामाशी बोलणे टाकले होते.

गोमाला या गुळाची चटक लागली. एकदा तो सांगत आला की हरबाच्या कणगीत उंदीर शिरले आहेत.

“डोळ्यानं बघितलंस का कानानं आयकलंस?” हरबाने विचारले. हा प्रश्न तो प्रत्येक बातमीला विचारी.

बायको म्हणत होती, असे गोमाने सांगितले.

“मग बायकूला धाड. कानाच्या बातमीला गूळ नाय.”

बायको आली, तिने गूळ नेला आणि घरी गोमाला त्यातला चिमूटभरही दिला नाही. ही तक्रार गोमा पुढे अनेक वर्षे करत असे.

लेकीला मुलगा झाल्याची बातमी तिच्या सासरच्या न्हाव्याने आणली. साखरेच्या आशेने तो ओटीवर टेकला. हरबाने त्यालाही तोच प्रश्न केला. बाळंतिणीच्या खोलीत मी कसा जाईन, असे न्हावी म्हणाला. हरबाने त्याला भाकरी घातली, साखर घातली नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन नातू पाहिला आणि परतताना न्हाव्याच्या घरी साखर पोचती केली. हरबाची बायको सगुणा गुळाची ढेप फडताळात दडवून ठेवी. ह्यांचा गूळ सपला म्हंजे गावाची संकटं बी सपतील, असे ती आल्यागेल्याला ऐकवी.

मी तेव्हा मुंबईच्या एका दैनिकाला कर्जत आणि खालापूरच्या बातम्या पाठवत असे. सकाळच्या गाडीने अंक आला की स्टेशनाबाहेरच्या बाकावर बसून वाचायचा, हा माझा नेम होता. बाजाराला आलेला हरबा समोर उकिडवा बसे आणि वाचून दाखवा म्हणे. एकदा लाटसाहेबांच्या मेजवानीची बातमी होती. किती ताटे, कोणती फुले, कोणाचे भाषण, सगळे सविस्तर.

“ह्यो बातमीदार जेवाया हुता का?”

बहुधा नसावा, असे मी म्हणालो.

“मग फुडं वाचा.”

अशा रीतीने आमचा अंक लवकर वाचून होई.

हरबाचा एकुलता मुलगा धोंडू लढाईत खेचरे हाकायला समुद्रापार बसऱ्याच्या आघाडीवर गेला होता. तो परत आला नाही. तो मेल्याची बातमी हरबाला सरकारकडून आली नाही. वर्तमानपत्रातूनही आली नाही. ती खालापूरच्या रघुनाथ पोतनीसांनी आणली.

पोतनीस बसऱ्याकडे रसदखात्यात कारकून होते. तिथून ते मुंबईच्या एका साप्ताहिकाला मजकूर पाठवत. आजारी माणसे नदीतल्या होड्यांच्या उघड्या फळ्यांवर कशी पडून होती, औषध कोणाला मिळाले आणि कोणापर्यंत पोचलेच नाही, हे त्यांनी पाहिले आणि लिहिले. साप्ताहिकाला ताकीद मिळाली. पोतनीसांची नोकरी गेली. परत आल्यावर ते कर्जत आणि खालापूरच्या गावांतून पायी हिंडले. ज्यांना मरताना त्यांनी पाहिले होते, त्यांच्या घरी जाऊन त्यांनी तसे सांगितले. छापणे बंद झाले तेव्हा त्यांनी बातमी दारोदार नेली. त्यांना कोणी काही दिले नाही. या हकिगतीच्या वेळी ते खालापूरला मुलांच्या शिकवण्या करून राहत होते.

पदक ठरले होते ते नानासाहेबांना. नानासाहेब कर्जतच्या एका साप्ताहिकाचे संपादक. लढाई चालू असताना ‘रणांगणावरून’ हे सदर त्यांनी एकही आठवडा चुकू दिले नाही. ते सदर स्टेशनाजवळच्या त्यांच्या माडीवर लिहिले जाई. नानासाहेबांच्या कानांनी जवळून ऐकलेला एकमेव स्फोट म्हणजे घाटात खडक फोडायला लावलेला सुरुंग. सरकारी पत्रक मराठीत उतरवण्यात मात्र त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. सदराचा शेवट ठरलेला असे: आपल्या भागातील सर्व मंडळी खुशाल असून उत्साहात आहेत.

सत्कारसमितीत एक वकील, दोन जमीनदार आणि शाळेचे हेडमास्तर होते. सभेच्या आठवडाभर आधी हरबा वकिलांच्या घरी गेला. समितीची बैठक चालू होती आणि मीही बातमीसाठी तिथे होतो. हे पदक पोतनीसांना द्या, एवढेच हरबाचे म्हणणे होते. वकिलांनी ते शांतपणे ऐकून घेतले. पोतनीसांबद्दल आपल्याला आदर आहे, असे ते म्हणाले. पण समारंभाला मामलेदार येणार, तेव्हा सरकारने काढून टाकलेल्या माणसाला पुढे आणणे बरे दिसणार नाही. पदकावर नाव कोरूनही झाले आहे. हेडमास्तरांनी जोड दिली की पोतनीसांचा मजकूर मुळात फार उदास असतो.

“मानसं मरत हुती, मास्तर,” हरबा म्हणाला. “हसत हसत कसं लिवायचं?”

यावर चहा आला. हरबाला दिला गेला तो त्याने घेतला नाही.

सभेला शोभा यावी म्हणून, ज्यांची माणसे लढाईवर गेली होती त्या कुटुंबांना समितीने मुद्दाम बोलावले होते. ती जाजमावर बसली. त्यांत विधवा होत्या, म्हातारे बाप होते. खुर्च्या पाहुण्यांसाठी होत्या. मानपत्र हेडमास्तरांनी वाचले. तोफांच्या गडगडाटातही ज्यांची लेखणी थरथरली नाही, असे त्यात एक वाक्य होते. खुर्च्यांवरून टाळ्या पडल्या. तेव्हा जाजमावरून हरबा उभा राहिला.

“नानासाहेब, तुमी दर खेपंला लिवत हुता, समदी मंडळी खुशाल हायेत. तवा माजा धोंडू मरून गेला हुता. खुशाल हाय असं कुणी बघितलं हुतं?”

नानासाहेब म्हणाले, मजकूर वरून आला तसा छापला. त्यात आपल्या पदरचे काही नव्हते.

“म्हंजे कानानं.”

वकिलांनी त्याला खाली बसायला सांगितले.

“बसतो की. पर ज्यानं डोळ्यानं बघितलं, ह्यो बिल्ला त्याचा हाय. त्यो तिकडं खालापुरात पोरास्नी पाढे शिकवतोय.”

मामलेदार पोक्त गृहस्थ होते. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितले की हा प्रसंग आनंदाचा आहे, त्याला गालबोट लावू नये.

“आनंदाचा हाय?” हरबाने जाजमाकडे हात केला. “मग ह्यास्नी कशापायी बोलावलंत?”

जाजमावरची एक म्हातारी उठली, पदर सावरला आणि फाटकाकडे चालू लागली. तिच्यामागून दुसरी उठली. मग सगळेच. कोणी घोषणा दिली नाही, कोणी शिवी दिली नाही. जाजम रिकामे झाल्यावर पदक लावण्यात आले आणि आभारप्रदर्शन झाले. जाजमावरच्यांसाठी आणलेले पेढे पाहुण्यांनी घरी नेले.

मी बातमी त्याच संध्याकाळच्या गाडीने पाठवली. हरबाचा प्रश्न, नानासाहेबांचे उत्तर, रिकामे जाजम, सगळे तिच्यात होते. छापून आली ती चार ओळींची. कर्जत येथे पदकदानाचा समारंभ मान्यवरांच्या उपस्थितीत थाटाने पार पडला. पेढ्यांचा उल्लेख ठेवला होता.

बाकावर बसून मी ती हरबाला वाचून दाखवली. तो उकिडवा बसून ऐकत राहिला.

“तुमी तिथं हुतात की.”

होतो, असे मी म्हणालो.

“मग ह्ये कुणी लिवलं?”

मुंबईत टेबलावर बसलेल्या कोणीतरी कापले, हे मी त्याला सांगितले. त्याने त्या टेबलावरच्या माणसाला, त्याच्या टेबलाला आणि ज्या झाडाचे ते टेबल झाले त्या झाडाला जे म्हटले, ते इथे देत नाही. मग उठून त्याने धोतर झटकले. उद्या सकाळी गाडी जुंपतो, खालापूरला जायचे, तुम्हीही या, असे म्हणाला. माझे तिथे काय काम, असे मी विचारले.

“डोळ्यानं बघाया कुनीतरी पायजेल.”

गाडीत पेंढ्यावर फडक्यात गुंडाळलेली गुळाची अख्खी ढेप होती. सगुणाने ती या वेळी स्वतः फडताळातून काढून दिली होती. ढेपेशेजारी तोंडाला केळीचे पान बांधलेली पाण्याची घागर होती. उन्हे चढल्यावर मला तहान लागली आणि मी घागरीकडे हात नेला.

“त्ये तुमचं नाय,” हरबा म्हणाला.

वाटेत आम्ही बैलांना ओढ्यावर पाणी पाजले. मीही तिथेच प्यायलो. घागरीतले पाणी त्याच्या घरच्या विहिरीचे होते आणि त्याने स्वतः ते शेंदले होते, एवढे कळले. वाटेत पाणी असताना घरचे पाणी खालापूरला न्यायचे कारण मी विचारले. त्याने बैल जुंपले, गाडी पुढे नेली आणि बरेच अंतर गेल्यावर, बैलांकडे पाहत सांगितले.

पोतनीस त्याच्या दारी आले ते भर दुपारी, उन्हातून चालत. रिवाजाप्रमाणे अंगणाबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, तुमचा धोंडू गेला. आणखी काही सांगणार होते. हरबा तेव्हा नांगर दुरुस्त करत होता. हातातला दांडा उगारून तो त्यांच्या अंगावर धावून गेला आणि वेशीपर्यंत त्यांना पिटाळले. खोटं बोलतोस, असे ओरडत गेला. कारण त्याच आठवड्याच्या अंकात सगळी मंडळी खुशाल असल्याचे छापून आले होते.

“त्यांच्या व्हटाला कोरड पडली हुती. मी बघितलं हुतं. तरी पानी नाय इचारलं.”

ओटीवरचा गूळ त्या दुपारनंतर सुरू झाला. पोतनीसांना मात्र तो पुन्हा भेटला नव्हता. कोणत्या तोंडानं जानार, असे म्हणाला. धोंडू कसा गेला, हे त्याने तोवर ऐकलेलेच नव्हते.

खालापूरला पोतनीस ओटीवर मुलांचे शुद्धलेखन तपासत बसले होते. केस पांढरे झाले होते, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. मला त्यांनी आत बोलावले. हरबा घागर आणि ढेप घेऊन अंगणाबाहेर उभा राहिला. या की आत, असे त्यांनी दोनदा म्हटले. तो हलला नाही.

“म्या हरबा घारे. तुमास्नी दांडा घेऊन हाकललं हुतं त्यो.”

पोतनीसांनी चष्मा वर केला. “पुष्कळांनी हाकललं हो. त्यांतले तुम्ही कोणते?”

“धोंडूचा बा.”

पोतनीसांनी मुलांना सुट्टी दिली. मुले गेल्यावर त्यांनी वह्या बाजूला ठेवल्या.

“धोंडू घारे,” ते म्हणाले. “खेचरांशी बोलायचा तो. एका खेचराला मामा म्हणायचा.”

“तुमी डोळ्यानं बघितलंत?”

“डोळ्यांनी.”

“मग सांगा. आता समदं सांगा. म्या हितंच हाय.”

पोतनीस अंगणातून त्याच्यापर्यंत चालत गेले आणि त्यांनी सांगितले. धोंडू तापाने गेला. होडीवर गेला. त्याच्या उशाशी पोतनीस होते. तो शुद्धीवर होता आणि त्याने पाणी मागितले. पोतनीसांच्या चामड्याच्या पिशवीत पाणी होते. त्यांनी ते त्याला पाजले. दुसऱ्या सकाळी नदीच्या काठाला, बाभळीसारख्या एका झाडाजवळ, त्याला पुरले. खड्डा खणणाऱ्यांत पोतनीस स्वतः होते.

हरबाने ऐकून घेतले. मग ढेप खाली ठेवली, तिचा खडा फोडून पोतनीसांच्या हातावर ठेवला आणि घागरीच्या तोंडचे पान सोडले.

पोतनीसांनी गूळ खाल्ला. मग वाकून ओंजळ धरली. हरबा ओतत राहिला आणि ते पाणी प्यायले.