लंगडीचा व्हिसा

सोलकर पक्ष्यांना नावानं ओळखत नाही, व्हिसानं ओळखतो.

इथे आखातात, रास अल खैमाच्या पुढे तिवरांची एक खाडी आहे. दर शनिवारी अल नहदातल्या आमच्या बिल्डिंगमधून निघून तिथे पोचलो आणि दुर्बीण डोळ्याला लागली, की त्याचं ऑफिस उघडतं. "तो बगळा रेसिडेंट. ते चिखलातले बारके व्हिजिटवर, उन्हाळ्याआधी एक्झिट. आणि ही साळुंकी बघा साहेब, आपल्याकडची. ओव्हरस्टे! हिला कोण काढणार बाहेर?"

सवय जुनी. आमच्या कंपनीत तो पीआरओ होता, म्हणजे सगळ्यांच्या व्हिसाची कामं करणारा. मी त्याचा मॅनेजर. माझी बायको-मुलं इथे आली ती त्याच्याच धावपळीनं. त्याची बायको, जुबेदाभाभी, मात्र रत्नागिरीतच राहिली. "पाखरांच्या नादापायी बायकोला आणत नाही," असं बिल्डिंगमध्ये म्हणत, आणि मीही हसत असे. ते खोटं होतं. फॅमिली व्हिसाला लागतो तेवढा पगार त्याला मिळावा अशी शिफारस दोनदा माझ्याकडे आली आणि दोन्ही वेळा मी ती बाजूला ठेवली. वर बजेटचं कारण दिलं. खरं कारण हे, की एकट्या माणसाला शुक्रवारच्या सुट्टीतही कामाला बोलावता येतं.

मग सोलकरनं खाडीवरच माणसं जोडली. तिथे दर हिवाळ्यात एक फ्लेमिंगो येते, डावा पाय ओढत. तिचं नाव लंगडी. तिची खबर तो फोनवरून भाभींना देई.

"अरे, सगळेच फ्लेमिंगो एका पायावर उभे असतात," मी चिडवायचो.

"उभ्या असल्या की सगळ्या सारख्या, साहेब. चालायला लागल्या की कळतं."

यंदा त्याच्या मुलानं व्हिजिट व्हिसा काढून दिला आणि भाभी पहिल्यांदा आल्या, महिनाभरासाठी. नेमका लंगडीचाच पत्ता नाही. शनिवारमागून शनिवार चालले. भाभी घडीच्या खुर्चीत घावन खात टोमणे मारीत. "एवढी वर्षं फोनवर त्या बयेचंच कौतुक! आहे तरी का ती, की तुम्हीच बनवलीत?"

"इन्शाल्ला येईल. परमिट निघालंय तिचं," सोलकर दुर्बीण पुसत म्हणे.

शेवटच्या शनिवारी त्याचा चेहरा पार उतरला होता. दुसऱ्या दिवशी भाभींचं विमान. मला राहवेना. त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "सोलकर, तुझा फॅमिली व्हिसा माझ्यामुळे अडला."

"माहीत आहे, साहेब. पगाराचं सर्टिफिकेट मीच टाइप करायचो ना. आकडा कुणाच्या टेबलावर अडलाय ते कळायचं."

"मग दर आठवड्याला मला इथे कशाला आणतोस?"

"वहिनी वारल्यापासून तुम्ही बाल्कनीत एकटेच बसायचात. बरं नाही दिसत ते."

तेवढ्यात भाभी खुर्चीतून ओरडल्या, "अहो, ती बघा!"

गुलाबी थवा उतरला होता. सगळ्याजणी उभ्या. मग त्यातली एक चालायला लागली, डावा पाय ओढत. मागोमाग एक राखी पिल्लू.

"आली! आली की नाही? खलास!" टोपी उडवत सोलकर बुटांसकट चिखलात. पासष्टीचा माणूस गुडघाभर चिखलात नाचत होता आणि भाभी टाळ्या पिटत होत्या. "हीच ती! सांगितलीत तश्शीच चालते!"

"आणि ते पिल्लू रे कुठल्या व्हिसावर?" मी ओरडून विचारलं.

सोलकर नाचायचा थांबला. बाहेर येऊन त्यानं दुर्बीण भाभींच्या गळ्यात घातली.

"फॅमिली," तो म्हणाला. मग आमच्याकडे पाठ करून बराच वेळ बूट धूत बसला.