सोबत माणूस आणा

परवा पूर्णा स्टेशनवर ऐन दिवेलागणीला वीज गेली. नांदेडच्या गाडीतून उतरून मी गर्दीबरोबर बाहेर पडत होतो, तेवढ्यात कुणीतरी माझ्या तोंडावर टॉर्च मारला. मी जागीच थांबलो, मान मागे टाकली, जीभ बाहेर काढली आणि "आऽऽ" केलं.

"काका," तिकीट तपासनीस म्हणाला, "तिकीट दाखवा. जीभ ऱ्हाऊ द्या."

मागं दोन बायका हसल्या. त्यांतली एक माझ्या सातवीतल्या विद्यार्थ्याची आई निघाली. दुसऱ्या दिवशी मी फळ्याकडे वळलो की मागून हळूच "आऽऽ" येणार हे तेव्हाच नक्की झालं. आलंही.

यात माझा दोष नाही. आमच्या भिंतीला भिंत लागून डॉ. कावलगावकर राहतात, दवाखानाही तिथंच. पाटीवर कान, नाक, घसा असं आहे. पण कान आणि नाक त्यांनी नाइलाजानं ठेवलेत. गावात त्यांना 'आऽ डॉक्टर' म्हणतात. खिशात कायम टॉर्च. आम्ही मास्तर लोक दिवसभर ओरडणारे, त्यामुळे माझ्यावर त्यांचा विशेष डोळा. कुंपणापाशी दिसलो की आधी माझ्या तोंडात उजेड पडतो, मग नमस्कार होतो. इतक्या वर्षांत उजेड पडला की माझं तोंड आपोआप उघडतं.

त्यांना चेहरे लक्षात राहत नाहीत. एकदा मोंढ्यात एकानं हसून रामराम केला. डॉक्टर त्याच्याकडे परक्यासारखे बघत राहिले. मग म्हणाले, "तोंड उघड." त्यानं भर बाजारात उघडलं. डॉक्टर वाकले आणि एकदम खुलले. "आरं, मारोती! चुडाव्याचा! म्हातारी कशी हाय?"

लग्नात ते पंगतीला बसत नाहीत. तांब्या घेऊन पाणी वाढत फिरतात. एवढा मोठा डॉक्टर आणि काय हा साधेपणा, असं पाहुण्यांना वाटतं. साधेपणा वगैरे काही नाही. माणूस पाणी पिताना त्यांना गळा बघायचा असतो. घोटाबरोबर गळ्यावरची गाठ वर सरकली की ती थायरॉइडची, असं त्यांचं सांगणं. एकदा नवरीच्या आत्याला त्यांनी आग्रह करकरून पाणी पाजलं, आणि वरात निघायच्या आत सोनोग्राफीची चिठ्ठी हातात दिली. आत्याबाई आहेराला आलेल्या. पुढं त्यांची गाठ वेळेत निघाली, पण त्या लग्नात नवरीपेक्षा आत्याच्याच गळ्याची चर्चा जास्त झाली.

पानटपरीवर गुटखा खाणारी पोरं दिसली की हुकूम सुटतो, "तीन बोटं उभी घाल तोंडात." ज्याची दोनच जातात त्याला दंडाला धरून दवाखान्यात नेतात. आमच्या बसस्टँडवर कधी चार-पाच तरणी पोरं तोंडात बोटं घालून रांगेत उभी दिसली तर घाबरू नका. डॉक्टर जवळपासच असतील.

पण त्यांचा सगळ्यात विचित्र नियम दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेला होता : 'एकट्याने येऊ नये. सोबत माणूस आणावा.' नुसतं खवखवत असेल तरी एकट्याला तपासायचे नाहीत. राणीसावरगावकडचा एक मेंढपाळ मेंढरांना हाका मारून मारून आवाज घालवून आला. एकटाच. डॉक्टरांनी परत पाठवला. तो स्टेशनवर गेला आणि अकोल्याच्या गाडीची वाट बघत बसलेल्या एकाला हाताला धरून घेऊन आला. डॉक्टर खूश. मेंढपाळाला औषध, गप्प राहण्याची ताकीद आणि मेंढरं वळवायला एक शिट्टी मिळाली. सोबत्याची गाडी चुकली, पण कानातला मळ निघाला.

"खामखा लोकांना बेजार कशाला करता?" मी एकदा विचारलं.

"सर, घाबरलेल्या माणसाला निम्मंच ऐकू येतं," ते म्हणाले. "उरलेलं ऐकाय दुसरा लागतो. तोंड उघडा."

यंदा दिवाळीनंतर डॉक्टरांनी स्वतःच्याच गळ्यात शिट्टी अडकवली. बोलणं बंद. एक शिट्टी म्हणजे पुढचा पेशंट, दोन शिट्ट्या म्हणजे तोंड उघडा. मी हे शाळेत रंगवून सांगितलं, सगळे पोट धरून हसले. घरी बायकोला सांगितलं, तर ती हसली नाही.

"आवाज जाऊन किती दिवस झाले त्यांचा?"

"झाले असतील महिनाभर."

"तीन आठवड्यांच्या वर आवाज बसला की घसा आतून बघून घ्यावा. तुमचा आवाज बसला होता तेव्हा त्यांनीच सांगितलंय मला. आन् परवाच्या लग्नात ते पंगतीला बसले होते. पाणी वाढलं न्हाई. घोट घेताना डोळे मिटत होते."

मी पंगतीत त्यांच्या शेजारीच होतो. मला जिलेबी आठवत होती.

आम्ही शेजारी गेलो. डॉक्टर टॉर्च पुसत बसले होते. बायकोनं सरळ विचारलं, "डॉक्टरसाहेब, नांदेडला कधी दाखवायलात?"

त्यांनी आणखी थोडा वेळ टॉर्च पुसला. मग फाटक्या आवाजात म्हणाले, "जायचं हाय, वैनी."

"मग अडलंय कुठं?"

कावलगावकर वहिनी जाऊन बरीच वर्षं झालीत. मुलगी बंगळुरूला. "तिचे दिवस भरत आलेत," ते म्हणाले, "तिला कळवायचं न्हाई." आणि मग भिंतीवरच्या पाटीकडे बघत, "आन् एकट्यानं जायचं न्हाई, असं मीच लिवलंय."

"उद्या सकाळच्या गाडीनं," बायको म्हणाली. "सरांची पण रजा हाय."

माझी रजा नव्हती.

नांदेडच्या दवाखान्यात नर्सनं विचारलं, "पेशंटच्या तुमी कोन?" बायको म्हणाली, "बहीण." एका शब्दात मी डॉक्टरांचा मेव्हणा झालो.

खुर्चीवर डॉक्टर बसले. समोर दिवा पेटला. तरुण डॉक्टर अदबीनं म्हणाला, "सर, आऽ करा." सगळ्या तालुक्याची तोंडं उघडणारा हा माणूस दात घट्ट आवळून बसला. खुर्चीचा हात त्यांनी गच्च धरला होता.

दिव्याची तिरीप माझ्या तोंडावर येत होती. मी कोपऱ्यात उभा होतो. मला सवय. मी मान मागे टाकली, जीभ काढली आणि "आऽऽ" केलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. आधी त्यांचे खांदे हलले. मग ते हसायला लागले, आणि हसताना त्यांचं तोंड उघडलं.

स्वरयंत्राच्या वर पाण्यानं भरलेली गाठ निघाली. काढली, तपासायला पाठवली. रिपोर्ट येईपर्यंत आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. आला तो चांगला आला. तरुण डॉक्टर समजावून सांगत होता तेव्हा डॉक्टर मान हलवत होते, पण नजर माझ्या बायकोवर होती. ती ऐकत होती.

आता ते रात्री आमच्याकडे जेवतात. शिट्टी घरी ठेवून येतात. काल बायकोनं भाजी वाढली आणि तांब्या घेऊन त्यांच्या समोर उभी राहिली. पाणी ओतलं, थांबली, बघत राहिली. पुन्हा ओतलं.

ते गेल्यावर ताटं उचलताना मला म्हणाली, "नीट गिळायलेत आता. तरी उद्या पन बोलवा. बघाय लागंल."